प्लेटांचं तोंड

"गावात माणसाला पाणी न्हाई, आन् तुम्ही बॅटऱ्यांना बाटलीतलं पाजा," असं म्हणत तिनं नरसाळं धरलं. मी ओततोय, ती बडबडतेय. सोलरच्या चारही बॅटऱ्यांत पाणी घालून झालं. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं हे शेवटचं काम. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

बायको भली होती, पण डोकं खायची. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. भांडत नाही आणि ऐकतही नाही.

आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, वीज कधी आलीच नाही. त्यात दुष्काळ, आणि तिला दमा. लातूरला राहणारा आमचा पोरगा म्हणाला, "उजेड अन् पंखा नसंल तर मायला हितं ठेवणार न्हाई." तिला लातूर नको होतं. "तिथं दार लावून बसावं लागतंय," म्हणायची. म्हणून सोलर बसवलं.

मिस्त्री म्हणाला, प्लेटांचं तोंड दक्षिणेला करायचं. ही आडवी आली. "दक्षिण यमाची. घराचं दार तरी तिकडं करतो का आपण?" मिस्त्रीनं समजावलं, मी शिव्या घातल्या. शेवटी प्लेटा पूर्वेला. दुपार कलली की ऊन त्यांच्या पाठीवर. बॅटऱ्या अर्धपोटी, रात्री जेवणं होतात न होतात तोच पंखा बंद. मी ओरडायचो. ती पदरानं वारा घेत म्हणायची, "उद्या भरंल."

तेव्हा गावात नव्या जिल्ह्याच्या लई गप्पा. आपला तालुका कुठं जाणार, यावर माणसं भांडायची. हिचं आपलं, "जिल्हा बदलला तर टँकर लवकर येणार हाय का?"

मग पोराचा फोन आला. मुक्कामाला येतोय, पंखा चालला नाही तर मायला घेऊनच जाणार. त्याच दिवशी मी टँकरवरून घागरी घेऊन आलो, तर मिस्त्री पत्र्यावर, आणि ही खालून सांगतेय, "अजून जरा दक्षिणेला कर, बाबा."

मी म्हणालो, "आता यम न्हाई का तिकडं?"

"हाय की. पर लातूरपेक्षा बरा."

त्या मुक्कामात पंखा उजाडेपर्यंत फिरला. पोरगा एकटाच परत गेला.

ती गेली त्या सांजेला तिला पोचवून आलो, तर अंगणात भावकीतल्या बाया कुजबुजत होत्या, "दक्षिणेकडं तोंड केलं, मंग काय होणार?"

"दमा होता तिला," मी म्हणालो. "गप बसा."

पोरगाही तसलाच. "दादा, फिरवून टाका ते. आन् चला माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन शिडी चढलो. खाली सगळे माना वर करून उभे. त्यांना वाटलं, म्हातारा प्लेटा फिरवतोय. मी एकेक बोल्ट होता तिथंच आणखी आवळला. मग वरूनच पोराला सांगितलं, "तू जा. मी हितंच हाय."