डबा गार होईपर्यंत

बियाण्यांच्या ज्या गोदामात मी काम करते, तिथे दुपारी माल लावून घेत असताना शोभावहिनीचा फोन आला. "मंगलताई, यांना उठवून राह्यले मी… पण हे उठून न्हाई राह्यले." जेवून आडवा झालेला माझा थोरला भाऊ, अंकुशदादा, चहाच्या वेळेला उठलाच नाही. पुढचे दिवस कामात गेले. कोणाला कळवायचं, गावाकडची माणसं कुठे उतरवायची, दहाव्याला काय काय लागतं, बँकेत कोण जाणार. मी लहानपणापासून याद्या करते. एकेक ओळ खोडत राहिलं की रडणं पुढे ढकलता येतं. आता खोडायला काही उरलं नाही आणि अंगात त्राणही नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

हसनाबादला आमच्या वडिलांची मेंढरं होती आणि थोडी शेती. दादाचं मन दोन्हीत नव्हतं, त्याला बंद पडलेला रेडिओ द्या, की तो रमला. लग्नानंतर तो जालन्याला आला. जुन्या जालन्यात, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याने टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मागच्या खोल्यांत संसार मांडला. पुढे व्हिडिओ गेमचे दिवस आले. एका परदेशी कंपनीचं नवं यंत्र बाजारात आलं आणि जालन्यात ते विकायचं काम दादाला मिळालं. 'कन्सोल' म्हणायला आमच्याकडे कोणाची जीभ वळेना, सगळे 'डबा'च म्हणत. दादाने मोठ्या हौसेने डबे कपाटात मांडले. गावाहून आलेले वडील ते बघून म्हणाले, "मेंढरू आजारी पडलं तं बोंबलतं तरी. हे तुझं गपचिप मरंल, आन् तुला कळणार बी न्हाई." दादा खूप हसला होता.

दादाच्या गल्लीत धान्याच्या आडती. पोती उतरली की धूळ थेट वरच्या मजल्यावर. त्यामुळे घरात किमती वस्तू आली की तिला कव्हर शिवायचं, ही इथली रीतच. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनलाही. खालच्या दुकानातून उरलेलं कापड आणून वहिनीने डब्यांना कव्हरं शिवली, कडेला झालर लावून. दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला डब्याबरोबर एक कव्हर द्यायचा, वर सांगायचा, "हे आमच्या घरचं हाय, कंपनीचं न्हाई." डबा बघायला आलेल्या बायका आधी झालर बघत. वहिनीच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद असे, तो मी नंतर फारसा पाहिला नाही.

उन्हाळा लागला आणि डबे परत यायला लागले. खेळता खेळता चित्र थिजायचं, लाल दिवा लागायचा, की संपलं. राजूरचे एक पेढेवाले डबा मांडीवर घेऊन रिक्षातून आले. "अंकुशशेठ, बघा हो याला. आमच्या म्हाताऱ्याला जेवढं जपलं न्हाई तेवढं याला जपलं. एक दिवस बिनकव्हरचं ठेवलं न्हाई." दादाने कंपनीला फोनवर फोन केले. शेवटी एक साहेब आला. त्याने डबे बघितले, कव्हरं बघितली आणि त्याला हवं ते सापडलं. "अहो, मशीनला गोधडी घातलीत तुम्ही. गुदमरून मेली ती. कव्हर तुम्ही दिलं, आता वॉरंटी कसली?" जिना उतरतानाही तो तेच बोलत होता.

मी त्या दिवशी तिथेच होते. साहेब गेल्यावर दादा माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे शोभाला कळू द्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

मग त्याने काय केलं, तर नवा डबा उघडला. कव्हर नाही, काही नाही. हवा खेळावी म्हणून खाली चार वाट्या पालथ्या घातल्या, शेजारी टेबलफॅन लावला आणि डबा चालवत ठेवला. काही आठवड्यांत तोही तसाच थिजला, तसाच लाल दिवा. दादाने तो खोलला. आतली मुख्य चिप तापायची, निवायची, पुन्हा तापायची आणि त्यात तिला खाली जोडणारं डाग दिलेलं शिसं तडकायचं. आतला पंखा त्या उष्णतेला पुरणारा नव्हताच. दुसऱ्या कंपनीच्या आधी दिवाळीला माल बाजारात आणायचा म्हणून घाई केलेली. दादाने हे कळवलं, उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी मोठ्या पंख्याचं नवं मॉडेल गुपचूप आलं. चूक झाली असं कोणी म्हणालं नाही. वर कडी म्हणजे जुन्या डब्याच्या सीडी नव्यावर चालेनात. लोक वैतागले, दुसऱ्या कंपनीचा माल घेऊ लागले आणि या कंपनीने इकडचा कारभार आवरला. दादा मात्र जालन्यातच होता, जाणार कुठे? रस्त्यात लोक गाठायचे. आलेला प्रत्येक डबा तो दुरुस्त करून देत राहिला, तोच पुन्हा बंद पडला तरी पुन्हा. त्या दोन-तीन वर्षांत तो एकदम म्हातारा झाला.

मी त्याला म्हणाले होते, "आता तर कळलं ना, कव्हराचा दोष नव्हता. वहिनीला सांगून टाक." तो म्हणाला, "दोष न्हाई हे सांगायचं, म्हंजे कोणी तरी दोष लावल्ता, हे आधी सांगावं लागंल. कशाला? तिच्या हाताचं काम हाय ते." वहिनीला त्याने सांगितलं, कापड मिळत नाही, आता कव्हरं नकोत. तिने शिवणं थांबवलं. विषय संपला, असं आम्हा दोघांना वाटलं.

घरचा एक डबा मात्र दादाने चालता ठेवला. रोज संध्याकाळी कव्हर काढायचा, घडी करून खुर्चीवर ठेवायचा, थोडा वेळ गाडीचा खेळ खेळायचा. बंद केल्यावर डब्याला हाताची मागची बाजू लावून बसायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. गार झाला की कव्हर.

परवा आवराआवर करताना ते कव्हर धुवायला म्हणून मी काढलं. मागची बाजू हाताला वेगळी लागली. उलटून पाहिलं तर मागचं कापड कापून तिथे मच्छरदाणीची जाळी बसवलेली. टीप वहिनीचीच.

"हे कधी केलं?"

"लई दिवस झाले," वहिनी म्हणाली. "तो साहेब आल्ता ना, तवा मी च्यासाठी खालून दूध घेऊन जिन्यात आल्ते. सगळं ऐकलं. मंग यांनी सांगितलं, कापड मिळत न्हाई. खाली कापडाचं दुकान, आन् म्हणं कापड मिळत न्हाई!" ती जराशी हसली. "माझ्या हौसेपायी यांचा धंदा बसला, ताई. हे एका शब्दानं बोलले न्हाईत. मंग मी बी न्हाई बोलले."

एवढी वर्षं… दादाला दिलेला शब्द मी तिथेच मोडला. पालथ्या वाट्या, टेबलफॅन, बिनकव्हरचा डबा, तडकलेलं शिसं, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या वाट्या कुठं गेल्या म्हणून मी मोलकरणीला बोलल्ते."

तिने माझ्या हातातलं कव्हर घेतलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं आणि डबा सुरू केला. तिला खेळ येत नाही. पडद्यावर गाडी उभीच होती, आतला पंखा घरघरत होता. थोड्या वेळाने तिने बटण बंद केलं आणि हाताची मागची बाजू डब्याला लावून बसली. मी कव्हर उचलायला गेले, तर मान न वळवता म्हणाली, "थांबा ताई. गरम हाय अजून."