पिंकीले बाहेर काढनारी

सुमन दीदीले पाहाले पावने आले का पहिले पोहे येत. पोह्याच्या मांगून दीदी येऊन स्वतःच सांगे, "मले सिकलिंग आहे. पोहे खाऊन घ्या, मंग जा." पावने अर्धे खात अन् उठून जात. मी शेजारचा, म्हनून दरवेळी बसाले मलेही बोलवत. उरलेले पोहे मीच संपवत होतो. माह्या पोटाचा जो घेर आहे ना, त्याच्यात दीदीचे चार-पाच नवरदेव गेले.

आमच्या रायपूरच्या गुढियारीत सिकलिंग बहुत घरात आहे, पन कोनी सांगत नाही. रक्तातला रोग आहे तो, मायबापाकडून येते. थंडी लागली, पानी कमी पडलं, दम जास्त लागला, का हाडं आतून फुटल्यावानी दुखते. लोकं त्याले गठिया, म्हंजे संधिवात, म्हनून झाकते, काहून का पोरीचं लगन अडते. दीदीची माय रडे. "तुह्या मांगं लहान बहीन आहे, तिचा तं विचार कर."

दीदी म्हने, "तिचाच करून राहिली, माय. न सांगता तिचं लगन लावलं तं तिचे लेकरं उद्या तुलेच विचारतीन."

शाळेत असतानी दीदी हॉकी खेळे. एका हिवाळ्यात मैदानावर पडली, ते महिनाभर खाटेवर होती. उठली तं स्टिक सोडून शिटी घेतली. बंद पडलेल्या पोहा मिलच्या गोदामात तिनं हिवाळ्यापुरता क्लब काढला. दोन्ही बाजूनं लाकडाच्या फळ्या लावल्या, बॉल त्याच्यावर आपटून परत येते. आतल्या हॉकीत जोरात मारता येत नाही, फक्त ढकलाचं. सहा जनाची टीम, पोट्टे-पोट्ट्या मिळून. त्यात गोलकीपर मी. मी चौथीत दोनदा बसलो अन् तिसऱ्यांदा शाळेनंच हात जोडले. दीदीनं मले पहिल्या दिवशी वरून खालपर्यंत पाहिलं अन् म्हने, "तुले खेळता येत नाही. पन जागा चांगली अडवतो."

तिचा कायदा एकच होता. सिकलिंगची तपासनी करून आनाची, कार्ड दाखवाचं, मंग स्टिक भेटंल. मी सुई पाहूनच भोवळ येऊन पडलो, ते बी सुईवाल्या भैयाच्या अंगावर. त्याच्या कमरेले मार लागला. माह्यं रक्त चांगलं निंगालं. दीदी कार्ड पाहून म्हने, "डोकं सोडलं तं सगळं बराबर आहे."

पिंकीचं खराब निंगालं. पिंकी आमची सगळ्यात तेज पोट्टी, बाप मालधक्क्यावर हमाल. तिची माय, आमची काकू, गोदामात आली अन् पोरीच्या हातातली स्टिक काढून घेतली. दीदीनं तिले पोत्यावर बसवलं.

"काकू, मैदानात पाठवू नका. इथं खेळू द्या. आत वारा लागत नाही. अन् या खेळात खेळाडू कधीबी बदलता येते, कितीबी वेळा. दोन-तीन मिनिटं खेळंल, बाहेर येऊन स्वेटर घालंल, गरम पानी पेईल, मंग परत जाईल. मी काढीन ना तिले बाहेर."

"तुले कोनी नव्हतं काढलं?"

"नाही, काकू. मी गोल करून राहिली होती, तं सारे टाळ्या वाजवत होते."

काकूनं स्टिक परत देल्ली.

त्या दिवसापासून गोदामात एकच आवाज. "पिंकी, बाहेर ये." पिंकी कुरकुर करे, हिंदीत. "दीदी, अभी तो गई थी." दीदी म्हने, "पानी पे, मंग बोल." पानी पेतापेता पोट्टीचा राग उतरे. तसं दोन हिवाळे निंगाले. पिंकी एकदाही खाटेवर पडली नाही. मी मात्र दोनदा पडलो, एकदा फळीवरून अन् एकदा उभ्या उभ्या.

मंग नवा रायपुरात हॉलमधे मोठी स्पर्धा झाली. आम्ही कसे कोन जाने फायनलले पोचलो. राज्याच्या टीमसाठी पोट्ट्या निवडनारे लोकं समोरच्या खुर्च्यांवर बसले होते, अन् पाहून राहिले होते फक्त पिंकीले. बराबरी चालू होती, वेळ संपाले आला होता. पिंकीचे ओठ पांढरे पडले होते. मी गोलमधून पाहात होतो, म्हटलं लाइटीचा उजेड असंल.

"पिंकी, बाहेर ये."

"दीदी, बस एक मिनट."

"आत्ता."

सारी टीम वरडली. "राहू दे ना दीदी." सगळ्यात मोठा आवाज माहा होता, देहाच्या हिशोबानं. पिंकी आली नाही. मंग दीदी स्वतःच आत गेली, चालू खेळात, अन् पोट्टीले हाताले धरून बाहेर आनलं. अंपायरनं कार्ड दाखवलं, आमचा एक खेळाडू कमी केला. पाच जनात खेळलो अन् हारलो. बॉल माह्या दोन पायाच्या मधातून गेला. एवढ्या मोठ्या देहात तेवढीच एक जागा खाली होती, ते त्यानं पाहून ठेवली होती.

मी माल वाहाची लोडर ऑटो चालवतो, तिच्यातच बसून सारे परत आलो. दीदीनं गिलास पुढं केला. पिंकीनं तो घेतला नाही.

"आप खुद नहीं खेल पाईं, इसीलिए मुझे भी नहीं खेलने देतीं."

दीदी गिलास धरून तशीच बसली. घर येईपर्यंत धरून होती. राज्याच्या टीमचं बोलावनं पिंकीले काही आलं नाही.

मंग थंडीची लाट आली अन् दीदीची छाती भरली. रजई गुंडाळून मीच तिले दवाखान्यात नेलं. नाकात नळी, हातात सुई. मी तिची ते सुई पाहिली अन् म्हटलं, "दीदी, मी पडलो तं बाजूची खाट माह्यासाठी रिकामी करजो."

"हसवू नको रे," ते म्हने. "छाती दुखते."

माह्याजवळ हसवाशिवाय दुसरं काही नव्हतं. दुपारपासून मी तिथं बसून होतो. रातच्याले मी घरी निंगालो, तवा ते येवढंच बोलली, "पिंकी रुसली आहे का अजून?" मी म्हटलं, "नाही." ते खोटं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीदी गेली. तिशी पुरी झाली नव्हती.

पिंकी मातीले आली, पन गोदामात यायची बंद झाली. आठवडाभर वाट पाहून मी तिच्या घरी गेलो. काकू सुपात तांदूळ निवडून राहिली होती.

"काकू, पोट्टीले पाठव. क्लब बंद नाही झाला."

"ज्या रोगानं सुमन गेली, तोच माह्या पोरीले आहे, बाबू."

"पन खेळून नाही गेली ना दीदी. थंडीनं गेली. पिंकीले आम्ही सांभाळू."

"बाहेर कोन काढंल तिले?"

"मी काढीन."

काकूनं सुपातून मान वर केली. "तुमी हारून राहिले असान, तरी?"

मले हर गोष्टीचा जवाब येते, शाळेतल्या सोडून. मी हव म्हनाले तोंड उघडलं. पन मले तो हॉल दिसला अन् माहाच आवाज ऐकू आला, सगळ्यात मोठा.

आतल्या खोलीच्या पडद्याखाली पिंकीचे पाय दिसून राहिले होते.

"सुमननं काढलं होतं," काकू म्हने, अन् पुन्हा तांदूळ निवडाले लागली.