खांडीत मीही होतो

राग आला की तो खाली बसायचा. असेल त्या जागी. चिखल असो, भर बाजार असो, कचेरीची पायरी असो. समोरचा तोंडाला येईल ते बोलत असायचा आणि हा धोतर सावरून मांडी घालायचा. "थांब जरा. मला बसू दे," एवढंच म्हणायचा. बसून झालं की वर बघून हसायचा, आणि मग शिव्या देणाऱ्यालाच उभं राहायची लाज वाटायची.

पनवेलच्या जुन्या मंडळींपैकी पुष्कळांनी हे पाहिलं असेल. ते हात जोडून सांगतात. मी हात न जोडता सांगणार आहे, कारण तो बसत नव्हता तेव्हापासून मी त्याला ओळखतो.

आम्ही दोघं बंदरावर हमाल होतो. मचव्यातून माल उतरवायचा आणि फळीवरून तोल सांभाळत वर आणायचा. तापटपणात माझं नाव होतंच, पण त्याच्यापुढे मी म्हणजे गाय. मुकादमाने एकदा त्याला आईवरून शिवी दिली. त्याने पाठीवरचं पोतं सावकाश खाली ठेवलं, मुकादमाला उचललं आणि खाडीत टाकलं. वर मलाच म्हणाला, "बघत काय हायस? पोतं उचल, भिजंल." मी ते उचललं. त्या माणसाचं पोतं मी वाहिलेलं आहे, हे आज कुणाला सांगून पटत नाही.

बेचाळीसच्या धामधुमीत तो तुरुंगात गेला. देशासाठी गेला, असं भाषणांत सांगतात. खरं म्हणजे शिपायाने प्रभातफेरीतल्या एका म्हाताऱ्याची टोपी उडवली, आणि याने शिपायाची. परत आला तेव्हा बारीक झाला होता, आणि गप्प. बंदरावर कुणीतरी त्याला डिवचलं. आता हा गडी खाडीत जाणार म्हणून सगळे सरकून उभे राहिले. आणि तो खाली बसला.

"तब्येत बरी नाही का रे?" मी विचारलं.

मग त्याने सांगितलं. तुरुंगात त्याने एका वॉर्डरच्या थोबाडीत मारली होती. शिक्षा म्हणून सगळ्या बराकीचं जेवण बंद झालं. "कुनी मला काय बोललं नाय रं. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. उपाशी मानसं माझ्याकडं बघून हसत व्हती, मला वाईट वाटू नये म्हनून."

"म्हणून आता बसतोस?"

"हात उठायच्या आदी बूड टेकलं, की हात तिथंच ऱ्हातो. बसून मारता येत नाय. करून बघ."

मी करून बघितलं. बसूनही मारता येतं. पण त्याला ते जमत नव्हतं, आणि लोकांना नेमकं तेच आवडलं.

हळूहळू त्याच्या मागे माणसं जमायला लागली. मिठागरांवरचे मजूर, खाडीकाठच्या गावांतल्या बाया, कुणाचं भांडण, कुणाची जमीन. त्याच वर्षांत मी हमालाचा मुकादम झालो, मुकादमाचा व्यापारी झालो, कामोठ्याच्या बाजूला खाडीवर मिठागर घेतलं. मला कुणी हार घातला नाही. त्याला घालायचे. एका सभेनंतर गळ्यात झेंडूचा हार मिरवत तो माझ्या वखारीवरून चालला होता. मी ओट्यावरून ओरडलो, "काय नवरदेव, वऱ्हाड कुठं राहिलं? हार काढा आता, सभा कधीच संपली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. मला वाटलं, भांडायला आला. मी बाह्या सरसावल्या.

"तू बरोबर बोललास," तो म्हणाला. "हार काढायला मन व्हत नव्हतं. घरात पन घालून बसलो व्हतो. बायको हसली."

त्यानंतर त्याने कधी हार घेतला नाही. लोक म्हणाले, केवढं वैराग्य! ते वैराग्य माझं आहे. पुढे तो उपास करायला लागला, तेव्हा मी म्हणालो, "तू उपाशी राहतोस ते समोरच्याला लाजवायला. हाही मारच की." त्यावर त्याने पुष्कळ विचार केला आणि तसले उपास सोडून दिले. माझ्या तोंडून निघालेला प्रत्येक टोमणा त्या माणसाने घरी नेला, स्वच्छ धुतला आणि वापरला. त्याच्या मोठेपणात माझं भांडवल आहे, आणि नफ्यात मला वाटा नाही.

मग एका उन्हाळ्यात तो माझ्याच मिठागराच्या तोंडाशी येऊन बसला. मिठागरावर गोडं पाणी नसतं. बाया गावातून हंडे आणायच्या, दुपारच्या आत ते संपायचे. मजुरांचं म्हणणं, सेठने रोज बैलगाडीवरून दोन पिंपं पाणी पाठवावं. मी पाठवणार होतो. पण सौद्याची एक रीत असते. दोन हवी असतील तर चार मागावीत. मी एक म्हणेन, दोनवर मिटेल, दोघांचाही मान राहील. याने दोनच मागितली. मी रीतीप्रमाणे एक म्हणालो.

"दोन," तो म्हणाला.

"अरे, वर तरी चढ! मला उतरवायला जागा दे!"

"तहान दोन पिंपांची हाय. चार कशाला सांगू?"

आणि बसला. त्याच्या मागे सगळे मजूर बसले. काम बंद. मीही हट्टाला पेटून समोर खुर्ची टाकली. एके दिवशी घरून माझ्या डब्याबरोबर छत्री आली. मला बरं वाटलं. तर डबा आणणारा गडी म्हणाला, "ही तुमची नाय, सेठ. वहिनींनी सांगितलंय, समोर बसलेल्या भावजींना ऊन लागतंय."

अमावस्येचं उधाण आलं आणि भर दुपारी भरतीने मिठागराचा बाहेरचा बांध फोडला. अशा भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड बघता बघता रुंदावते, आणि आत माझं तयार मीठ पडलेलं. ती बुजवायची एक पद्धत आहे. वाहत्या पाण्यात चिखल टिकत नाही, म्हणून आधी दोन माणसं खाडीकडे पाठ करून खांडीत बसतात, पाणी अंगावर घेतात, आणि त्यांच्यापुढे बाकीचे पेंढा नि चिखल रचत जातात.

मजुरांतला एक तरुण म्हणाला, "जाऊ दे वाहून. सेठचं मीठ खाडीतनं आलं, खाडीत चाललं." सगळे हसले. चांगलं बोलला, मेला.

तो मात्र उठला. "मीठ सेठचं हाय. बांध कुनी घातला?"

त्याने धोतर वर खोचलं.

"आपन घातलाय. आपल्या हातचा बांध फुटला नि आपन हसत बसलो, असं घरी जाऊन सांगनार काय?" आणि त्याने खांडीत उडी टाकली. तिथून ओरडला, "दुसरा कोन?"

मजूर एकमेकांकडे बघत राहिले. मी कोटासकट उडी मारली.

पाणी पाठीवर धडका देत होतं. त्याचा खांदा माझ्या खांद्याला घट्ट लागला होता. म्हणाला, "सेठ झाल्यापासून बूड जड झालंय तुजं. बरं झालं."

"तोंड मीट. खाडी पोटात जाईल."

मग एकेक करून सगळे उतरले. चिखल हातोहात यायला लागला. भरती ओसरली तेव्हा बांध उभा होता.

बाहेर येऊन मी धापा टाकत म्हणालो, "चार पिंपं घे!"

"आज नको," तो म्हणाला. "आज दिलंस तर ते बांधाचं बक्षीस व्हईल. उद्या दे. बायांना तहान लागती म्हनून दे."

आणि चिखलाने माखलेला तो माणूस परत जाऊन आपल्या जागी बसला. मजूरही बसले. माझा बांध वाचवून पुन्हा माझ्याविरुद्ध! इतका अपमान माझा कधी कुणी केला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी गेली. चार पाठवली होती, त्याने दोनच उतरवून घेतली.

तेव्हापासून खाडीकाठी ही गोष्ट सांगतात. त्याने वैऱ्याचा बांध स्वतःच्या अंगावर राखला म्हणतात. खांडीत दोन माणसं बसतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसरा कोण, हे कुणी विचारत नाही. मी सांगितलं तर "व्हय का, सेठ?" म्हणतात आणि तंबाखू मळायला लागतात.

तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी हाच जाब विचारायला गेलो. "तू लोकांना सांगत का नाहीस, की मीही होतो म्हणून?"

"सांगतो की. दर येळेला सांगतो."

"मग?"

"त्यांना वाटतं, तुजं मन राखायला सांगतो. माझा सोभाव चांगला हाय ना!" हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाला, "तू उतरलास म्हनून ते उतरले. मी येकला असतो तर गेलो असतो वाहून."

हे बोलला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. साक्षीला कुणी नाही.

तो गेला त्या दिवशी बाजार आपोआप बंद झाला. एवढी माणसं कुठून आली कोण जाणे. तिरडीच्या जवळपास फिरकायलाही जागा नव्हती. मी कोपरं मारत आत घुसलो आणि बांबू धरलेल्या एका मजुराला म्हणालो, "मला दे खांदा."

"आत्ताच घेतलाय, सेठ."

"वडापर्यंत दे."

"नाय."

"बरं, देवळापर्यंत."

"नाय, सेठ."

"अरे, त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत तरी! हा इथं तर आहे!"

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला सरकला. "न्या खाडीपर्यंत," म्हणाला.

मी बांबू खांद्यावर घेतला आणि दम धरला. वजन मला अंगाने कळतं. पण वजन आलंच नाही. पुढून, मागून, खालून इतके हात लागले होते, की त्याचं ओझं माझ्या वाट्याला येईचना. मी खांदा वर केला, टाचा उचलल्या. खाडीपर्यंत तसाच गेलो, टाचा उचलून.