न उठलेला ठसा

ती घटना आजही आठवते. विसरायचा प्रयत्न करून मीच थकलो.

मी फौजदार असताना देवरी तालुक्यातल्या एका मोठ्या घरात दागिन्यांचा स्टीलचा डबा रिकामा सापडला. डब्यावर बोटाचा एक स्वच्छ ठसा मिळाला. घरमालकाच्या भाच्यानं मला बाजूला घेऊन खबर दिली, "भांडी घासणाऱ्या बाईले विचारा, साहेब." ही बाई उरलेला दिवस बिड्या वळायची. महिला शिपायासमोर चौकशी सुरू केली.

"डब्याला हात लावलास?"

"लावला नं जी. सकारीच म्या वरून राखेनं घासला."

मला वाटलं, अर्धी कबुली झाली. शाई लावून तिची बोटं कागदावर फिरवली, तर नुसते काळे डाग.

"माहे ठसे उठत नाही, साहेब. राशनच्या मशीनवर भी उठत नाही."

"नाटक करू नको," मी खेकसलो. स्पिरिटनं हात पुसून चारदा ठसे घेतले. दोन दिवस तिला सकाळी बोलवायचो, संध्याकाळी सोडायचो. तेवढ्यात गावानं निकाल लावून टाकला. बिडीच्या ठेकेदारानं तिला पानं-तंबाखू देणं बंद केलं.

बोटांच्या रेषा जन्मभर बदलत नाहीत, हे प्रशिक्षणात घोकलं होतं. ठशांची वर्गवारी कलकत्त्यात आपल्याच दोन फौजदारांनी बसवली अन् नाव गोऱ्या साहेबाचं झालं, हेही ऐकलं होतं. पण राखेनं अन् बिडीच्या तेंदूपानानं रेषा झिजतात, हे कोणी शिकवलं नव्हतं. ते ठसेतज्ज्ञानं फोनवर सांगितलं, "डब्यावरच्या ठशातलं चक्र ठसठशीत आहे. या बाईच्या बोटांनी असा ठसा उठणं शक्यच नाही."

मग डोकं चाललं. डबा चोरीच्या दिवशी सकाळीच घासला, म्हणजे ठसा त्यानंतरचा. घरच्यांचे ठसे मी घेतलेच नव्हते. "आमचे हात काळे करता?" म्हणून मालक चिडले होते, अन् मी मोठ्या घराची भीड धरली. आता सगळ्यांचे घेतले. ठसा निघाला भाच्याचा. तो तर त्या दिवशी घरात आलोच नाही म्हणत होता. दागिनेही त्याच्याकडेच मिळाले.

बाईला सांगायला मी स्वतः गेलो.

"आता सांगून काय करता जी? काम तं गेलं."

ठेकेदाराला दोनदा समजावलं. त्यानं मान डोलावली, काम दिलं नाही. पहिल्याच दिवशी ती खरं बोलली होती. ठसे उठत नाहीत हे तिचं वाक्य केस डायरीत नाही, कारण मीच लिहिलं नाही. याची लाज अजून जात नाही.

परवा पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला गेलो. मशीनवर तीनदा अंगठा ठेवला, उठला नाही. म्हातारपणी रेषा विरतात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आरामसे. दुसरं बोट ठेवून पाहा."

मला कोणी नाटक करू नको म्हटलं नाही.