तांबड्या बाटलीवरची सही

मोरचूदबाईने विभागप्रमुखांच्या चहात मोरचूद कालवला, म्हणून साहेब कॉलेज सोडून पळाले, असं लोक कुजबुजायचे. मीही चवीने कुजबुजलो, खोटं कशाला बोलू?

बाई रसायनशाळेचं भांडार सांभाळायची. तांब्याच्या त्या निळ्या खड्यांनी बोटं कायम निळी, म्हणून हे नाव. अकरा वर्षांनी भांडारप्रमुखाची जागा रिकामी झाली. ती तिचीच, असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात साहेबांची नजर तांबड्या भुकटीच्या बाटलीवर गेली. बाईने चिठ्ठीवर ‘कॉपर एक ऑक्साइड’ लिहिलं होतं.

"सूत्रात तांब्याचे दोन अणू आहेत ना? मग दोन लिहा."

बाईने समजावलं, की नावातला आकडा अणू मोजत नाही, एकेका अणूवरचा भार सांगतो. ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन लागतात. तांबड्या भुकटीत तांब्याचे दोन अणू मिळून ते देतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला एक. काळ्या भुकटीत एकट्यालाच दोन्ही द्यावे लागतात, म्हणून कॉपर दोन ती.

हे पोरांसमोर झालं, तिथेच माशी शिंकली. साहेबांनी चिठ्ठ्या फाडल्या, दोन्ही बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या लावून स्वतःच्या हाताने उलटी नावं लिहिली, खाली झोकदार सही ठोकली आणि बाईच्या अहवालात शेरा मारला: मूलभूत ज्ञान नाही. जागा साहेबांच्या भाच्याला गेली.

बाईचा राग म्हणजे राखेखालचा निखारा. दर उन्हाळ्यात ती त्या चिठ्ठ्यांवर नवी चिकटपट्टी लावायची. भाचा एकदा म्हणाला, बदलून टाका की. तर म्हणे, साहेबांचं अक्षर पुसायचं पाप माझ्याने व्हायचं नाही, बाबा.

सात वर्षांनी साहेब प्राचार्यपदाला उभे राहिले. निवड समितीच्या अध्यक्षा स्वतः रसायनवाल्या. प्रयोगशाळेत येऊन त्यांनी सहज कॉपर दोन ऑक्साइड मागितलं. साहेबांनी ऐटीत खूण केली. बाईने तांबडी बाटली समोर ठेवली.

अध्यक्षांनी चष्मा सावरला. "अहो, हे तर एक आहे. सही कुणाची?"

"साहेबांची. माझ्या हातून चूक होऊ नये, म्हणून त्यांनी लिहून दिलंय." आणि न मागता काळीही आणून ठेवली.

पद गेलं. साहेबांनी दुसरीकडे बदली मागून घेतली. चहात काहीही नव्हतं. त्या दिवशी चहा झालाच नव्हता.