खाडीवालीची टिटवी

खाडीवालीला गाता अजिबात येत नसे, पण बेडूक, बगळे, भरतीचं पाणी, माडांतला वारा, हवा तो आवाज तिच्याकडे मागावा. ठाण्यातल्या लहान मुलांच्या दवाखान्यात ती आया होती. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. आठ वर्षांची मी विषमज्वरानं तिथे तीन आठवडे पडून होते. घरच्यांना फक्त संध्याकाळी तासभर येऊ देत. बाकीचा दिवस आमचा आणि खाडीवालीचा. तिचं खरं नाव आम्ही कधी विचारलंच नाही.

सुईच्या वेळी ती हजर. "डोले मीट गो. भरती आयलीय, पाय वर घे," म्हणून गाल फुगवून ती असं डुबुक डुबुक पाणी काढी, की आम्ही खरंच पाय वर घेत असू. तोवर सुई टोचून झालेली असे. औषध थुंकणाऱ्यावर ती बेडकाच्या आवाजात ओरडे. ते ऐकायला मी दोनदा मुद्दाम थुंकले.

शेजारच्या खाटेवर मिठागरावरची पाच वर्षांची सोनी आली. तापानं फणफणलेली, तोंड घट्ट मिटलेलं. "पोटात पाणी गेलं नाही तर पोर हाती लागणार नाही," डॉक्टर म्हणाले. खाडीवालीनं बेडूक केले, पाऊस पाडला; काही उपयोग होईना. मग तिनं टिटवी काढली. सोनीनं डोळे उघडले.

"आपले बांधावरची?"

"आपलेच बांधावरची. पी."

सोनी अर्धा पेला प्याली.

नेमकी तेव्हाच माझी आई भेटायला आली. टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार, असं आमच्याकडे समजत, आणि इथे तर आजारी मुलांत टिटवी! आई तडक मोठ्या सिस्टरकडे गेली. "पुन्हा ऐकू आली तर कामावरून घरी," सिस्टरनी खाडीवालीला बजावलं. दुसऱ्या संध्याकाळी सोनीनं पुन्हा तोंड मिटलं. खाडीवालीनं एकदा दाराकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या आईवडिलांसमोर टिटवी काढून पेला पुढे केला. "काम काय, दुसरं गावंल," मला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नवी आया आली. सोनी पाणी घेईना. मला आईचा इतका राग आला होता, की टिटवी मीच काढली. कसली टिटवी, मांजरच ते! मग पलीकडच्या खाटेवरून दुसरी आली, तिसरी आली. मोठ्या सिस्टर धावत आल्या. आमच्या टिटव्या ऐकून सोनी हसत होती. सिस्टरनी पेला तिच्या ओठांना लावला आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "थांबलात कशाला? काढा टिटवी."

सोनी बरी होऊन मिठागरावर परत गेली. पण खाडीवालीला परत बोलवा, असं कुणीच म्हणालं नाही. मीसुद्धा नाही.