गजरा टिकेल इतके केस

डोक्यावर नवे केस येताहेत ही आनंदाची बातमी आहे, असं मला सगळे सांगत होते. सांगणाऱ्यांपैकी कोणाच्याही डोक्यावर ते आलेले नव्हते. माझ्या आले होते. भांगाच्या दोन्ही बाजूंना, कपाळावर, कानांच्या वर; बोटभर लांब, कुरळे, राठ आणि उभे. नारळ सोलल्यावर शेंडीभोवती जे उरतं, तसं काहीतरी. माझे मूळचे केस सरळ, पाठीपर्यंतचे. त्यातले जे टिकले ते मागे बारीक शेपटासारखे लोंबत. पुढून काथ्या, मागून शेपूट.

हे सगळं डेंग्यूमुळे झालं. मागच्या वर्षी उन्हाळ्यात सोलापूरला माहेरी गेले आणि ताप घेऊन श्टुटगार्टला परत आले. ताप उतरला, मी कामाला लागले, आणि सगळं विसरून गेल्यावर केस गळायला लागले. मोरीच्या जाळीत, उशीवर, कणकेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येतील परत. कधी, असं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. मी इथल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. माल कधी पोचेल या प्रश्नाला 'पोचेल' असं उत्तर देणाऱ्या पुरवठादाराशी मी दुसऱ्यांदा बोलत नाही.

केस सगळ्यात जास्त गळत होते तेव्हाच न्युरेम्बर्गला माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे गौरी होत्या. त्यांच्याकडे दरवर्षी हळदीकुंकवाला खूप बायका येतात. फ्रँकफर्टच्या तमिळ दुकानातून त्या खरे मोगऱ्याचे गजरे मागवतात आणि फ्रीजमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. इथे त्या वासाची किंमत काय असते ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. त्या एकेकीला गजरा देत माझ्यापर्यंत आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, गजरे मोजूनच आणलेत. आणि तू माळणार तरी कुठे?"

आणि माझ्या शेजारणीच्या हातात गजरा ठेवून पुढे गेल्या.

दोन-तीन जणी हसल्या. मी काही बोलले नाही, याचाच मला अजून राग आहे. माझी आई आठवडी बाजारात कापडाचे तुकडे विकायची. तिच्या शेजारी बसून मी बोलायला शिकले. माझ्या शिक्षणाचा, इथल्या नोकरीचा, कशाचाही पाया मला कोणी आयता घालून दिला नाही. आणि पुण्याच्या बंगल्यात वाढलेल्या एका बाईने सगळ्यांदेखत मला असं म्हणावं आणि मी साबुदाण्याच्या वड्याकडे बघत बसावं!

परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "वहिनींच्या मनात तसं नसेल गं."

"मनात नसेल तर तोंडात कुठून आलं?"

त्याने गाडीचा रेडिओ लावला.

तेव्हाच मी ठरवलं. पुढच्या गौरींना त्याच घरात, त्याच बायकांसमोर, जाऊबाईंच्या हातून गजरा घ्यायचा आणि माझ्या स्वतःच्या केसांत माळायचा. आणि मागच्या बोलण्याबद्दल दोन शब्द त्यांच्याकडून ऐकायचे. त्याहून कमी काही चालणार नाही.

दिवाळीनंतर गळती थांबली आणि हे काथ्याचं पीक सुरू झालं. आधी मी खोबरेल वापरलं. थंडीत इथे बाटलीत त्याचा दगड होतो, म्हणून हीटरवर ठेवायचं, पातळ झालं की चोपडायचं. ऑफिसला पोचेपर्यंत केस पुन्हा उभे, फक्त आता चकाकणारे. एकदा भाव तोडायच्या ऐन मोक्याला समोरचा पुरवठादार माझ्या डोळ्यांऐवजी कपाळाच्या वर बघत राहिला. पाहुण्याच्या डोक्यावर चिमणी बसली असताना माणूस बघेल तसं. माझं बोलणं तुटलं आणि त्याचा भाव तसाच राहिला.

मग जवस. जवस उकळून त्याचा चिकट रस लावला की केस बसतात, असं कोणीतरी सांगितलं. जवस इथे कुठल्याही दुकानात मिळतो. अख्खा होता आणि भरडलेलाही होता. भरडलेल्यावर सूट होती. मी भरडलेला आणला. तो गाळला जात नाही हे उकळल्यावर कळलं, आणि वाळल्यावर तो डोक्यावर कोंड्यासारखा दिसतो हे ऑफिसात कळलं. माझ्या लेकीने संध्याकाळी माझ्या डोक्यातून एकेक कण वेचला. मी मराठीत चिडत होते, ती जर्मनमध्ये हसत होती.

"ममा, लास एस डोख," म्हणाली. म्हणजे, राहू दे ना.

राहू दे म्हणणारे माझ्या घरात दोघं आहेत.

तरी उन्हाळ्यापर्यंत पुढचे केस इतके वाढले, की पाण्याने ओले करून आकड्यांनी घट्ट दाबले तर मागच्या शेपटापर्यंत पोचत. सगळं मिळून एक छोटी पोनी बसत होती. गजऱ्याला तेवढी पुरे. फक्त मागची टोकं फाटली होती, म्हणून गौरींच्या आधीच्या आठवड्यात केस कापणारीकडे गेले.

तिने केस हातात घेतले आणि म्हणाली, "आल्झो, तर मग हे सगळं एका लांबीत आणू या. हनुवटीपर्यंत."

"अजिबात नाही. टोकं फक्त."

"मग खांद्यापर्यंत. छान दिसेल."

"दोन बोटं."

"दोन बोटांनी काही फरक पडणार नाही."

"मला फरक नकोच आहे."

शेवटी तिने दोन बोटंच कापली. माझ्या हातात आरसा देऊन खुर्ची फिरवली. मी मान वळवून नीट मापलं. शब्दाला जागली होती. मी खूश झाले, आणि खूश झाले की माझ्या तोंडून जे येतं ते आलं. भाजी घेतल्यावर आपण जसं वर कोथिंबीर मागतो, तसं मी हसून विचारलं, "आणि वर काय देणार?"

ती गोंधळली. असं तिला इथे कोणी विचारलं नसावं. मग तिचा चेहरा उजळला. मी अजून हातातल्या आरशात मागचीच टोकं बघत होते. कपाळाशी कात्री दोनदा वाजली.

"हे माझ्याकडून," ती म्हणाली.

वर्षभर सांभाळलेले पुढचे केस मांडीवर पडले होते. कपाळावर भुवयांच्या वर एक झालर उरली होती, आणि वाळता वाळता तीही वर उठत होती.

मी खूप ओरडले. इतकी, की शेजारच्या खुर्चीवरची आजीबाई डोक्याला रंग लावलेला असताना उठून उभी राहिली. केस कापणारी रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण तुम्हीच तर मागितलंत!" मागितलं होतं. मला वाटलं होतं, शॅम्पूची एखादी पुडी देईल.

नवऱ्याने मला दारात बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. शहाणा आहे.

गौरींच्या दिवशी न्युरेम्बर्गला बारीक पाऊस होता. दमट हवेत झालर पंख्यासारखी पसरली. उरलेले केस आकड्यांनी ओढून मी जेमतेम पोनी बांधली होती. जाऊबाई गजऱ्यांचा डबा घेऊन आल्या. या वेळी थेट माझ्याकडे.

"घे. आधी तू."

वर्षभर घोळवलेलं वाक्य तोंडातून निसटलं. "का वहिनी, यंदा मोजून आणले नाहीत वाटतं?"

जाऊबाईंनी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग डोळ्यांत.

"मोजूनच आणलेत," त्या म्हणाल्या. "तुझा धरून."

मी गजरा घेतला आणि माळला. लेकीने मागून आकडे लावले. आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला डावीकडचा आकडा सुटला. टाळ्या वाजवताना मला तो सरकताना कळत होता. मग दुसराही सुटला आणि गजरा मानेवरून घसरायला लागला. मी जागची हलले नाही. खाली पडला असता तर मी तशीच तिथून निघून गेले असते, नैवेद्याला न थांबता.

तो पडला नाही. मागून कोणीतरी तो माझ्या केसांशी धरला. बांगड्या ओळखीच्या होत्या.

"सोडा, वहिनी," मी पुटपुटले.

"आरती होऊ दे. हलू नकोस."

आरत्या संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. टाळ्या वाजवल्या नाहीत. मी वाट बघत होते. समोरचा नमायला लागला की आपण गप्प बसायचं, तो आपणहून बोलतो, हे मी कामात शिकले आहे. मी गप्प बसले. त्याही गप्प बसल्या. कापूर विझला तरी त्या काही बोलल्या नाहीत.

शेवटी मीच बोलले. "पुढच्या वर्षी दोन गजरे माळणार."

"आधी एक तर टिकू दे."

"दोन."

त्यांनी घसरलेला गजरा माझ्या हातात दिला आणि स्वतःच्या अंबाड्यातला एक आकडा काढून माझ्या झालरीत खुपसला. "बरं, दोन," म्हणाल्या आणि पानं वाढायला गेल्या.

गाडीत नवऱ्याने विचारलं, "झालं समाधान?"

"नाही," मी म्हणाले. "मागच्या वर्षीचं त्या अजून एक अक्षर बोललेल्या नाहीत."

गजरा मांडीवर होता. काचेत बघितलं तर जाऊबाईंचा आकडाही झालरीतून अर्धा बाहेर आला होता. मी तो परत आत दाबला.